पंचफुला, बदली हजर

पंचफुलेच्या नवऱ्याचं नाव गुलाब होतं. आमच्या जिनिंगमध्ये लोक म्हणत, एका घरात सहा फुलं, अन् वास फक्त बिडीचा. ती हसत नसे. म्हणे, "बिडी तो पेते. माह्या पाच फुलाइले कायले बोलता?"

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. जिनिंगमध्ये प्रेसवर होतो, रुई दाबून गाठी बांधायचं काम. लिहायचं म्हणजे गाठीवर नंबर टाकायचा, तेवढंच. पण माझी बायको सुमन मागच्या पौषात गेली. तिच्याबद्दल काही लिहावं म्हणून बसलो तर हात चालत नाही. म्हणून पंचफुलेबद्दल लिहितो. तिच्यात सुमनचं येतंच.

आमची जिनिंग वणीच्या रस्त्यावर होती. टिनाचं लांब शेड, आत दोन ओळींत रेचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. एकेका रेच्यापुढं एकेक बाई उभी, दिवसभर त्याच्या तोंडात कापूस घालत. रेच्यावर बाया, प्रेसवर गडी. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. मी लागलो तेव्हा असंच होतं, अन् गड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बाईपेक्षा जास्त, हेही होतंच. आम्ही म्हणायचो, गाठ उचलायला ताकद लागते. पंचफुला म्हणायची, "तुमी सहा जण मिळून एक गाठ उचलता, अन् मंग सहाही जण बिडी पेता. माहा रेचा बिडी पेत नाई."

एकदा काटापूजेच्या दिवशी, म्हणजे सीझन सुरू होताना वजनकाट्याची पूजा करतात त्या दिवशी, तिनं सगळ्यांसमोर शेटला विचारलं, "शेटजी, एक सांगा. किराण्याच्या दुकानात बाईले तेल स्वस्त देतेत का?"

शेट म्हणाला, "नाही बा. काहून?"

"नाई, हजेरी कमी हाय तं मले वाटलं देत असन. मीच मांगाले चुकली."

शेट खूप हसला. आम्ही गडीही हसलो. हजेरी तेवढीच राहिली.

ती बुटकी अन् रुंद होती. पायात गड्याच्या चपला घालायची. बाईच्या चपला दाखवायला असतात, चालायला नाही, असं तिचं म्हणणं. सीझनमध्ये रुईचा बारीक कचरा उडून तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या अन् ती म्हातारी दिसायची. पावसाळ्यात जिनिंग बंद झाली की पुन्हा जवान. अन् आवाज. रेच्यांच्या घरघरीत वर्षं काढल्यानं तिला हळू बोलता येत नसे. मयतीला गेली तरी तोच आवाज. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीत तिनं त्याच्या सुनेला जवळ घेऊन विचारलं, "किती दिवसाचा बिमार होता वं माय?" तर पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी सांगितलं, "दोन महिने!"

आता हजेरीची गोष्ट. रोज सकाळी मुकादम बायांची नावं घ्यायचा. नऊ नंबरच्या रेच्यावर आला की ओरडायचा, "सुमन देवराव!"

पंचफुला म्हणायची, "बदली हजर!"

सुमन देवराव म्हणजे माझी बायको. देवराव मी. ती घरी असायची अन् तिच्या नावावर पंचफुला हजर असायची. असं तीस सीझन चाललं. नव्या माणसाला यात काही समजत नसे. जुन्यांना सवय झाली होती.

याच्यामागं एक रीत होती. बाळंतपणाला जाणाऱ्या बाईनं आपली बदली आपणच आणून द्यायची. बहीण, नणंद, शेजारीण, कोणीही. ती बाई परत आली की बदली गुपचूप उठायची. कागद नव्हता, सही नव्हती. शेटला रेचा चालल्याशी मतलब. पण ही रीत मोडलेली मी पाहिली नाही. सख्ख्या भावांनी शेताच्या धुऱ्यासाठी, बांधासाठी, एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली, पण बदलीनं जागा बळकावली असं कधी झालं नाही.

आमचा विजय पोटात होता तेव्हा नऊ नंबरवर सुमन होती. तिनं बदली म्हणून पंचफुलेला आणलं. दोघी एकाच गावच्या, झरी जामणीकडच्या. लहानपणी जंगलात मोहफुलं वेचायला संग जायच्या. पंचफुलेला तेव्हा काम नव्हतं. रेचा तुंबू न देता कापूस कसा सोडायचा, हे सुमननंच तिला चार दिवस उभी राहून शिकवलं. शेवटच्या दिवशी म्हणाली, "सव्वा महिन्यानं येतोच मी. माह्या रेच्याले शिव्या देऊ नको."

सव्वा महिना झाला. सुमननं पोरासाठी झोळी शिवली होती, जिनिंगच्या मागच्या बाभळीला बांधायला. डब्याचं फडकं धुऊन वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी जायचं होतं.

त्याच महिन्यात मला प्रेसवर हेड केलं होतं. गडी म्हणाले, हेडची बायको रेच्यावर? मला ते लागलं. "जाऊ नको" म्हटलं असतं तर सुमननं ऐकलं नसतं. ऐकणाऱ्यांतली नव्हती. म्हणून मी म्हटलं, "तुही जागा गेली. पंचफुला उठत नाई म्हणते. मुकादमानं तिलेच पक्की केली."

सुमननं विचारलं, "पंचफुला म्हणते? सोता?"

मी म्हटलं, "हो."

तिनं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

अन् जिनिंगमध्ये पंचफुलेला सांगितलं, "सुमन यंदा येत नाई. पोरगं लहान हाय."

एवढंच मी केलं. दोन वाक्यं. मारलं नाही, दारू प्यायलो नाही. त्यामुळं बरीच वर्षं मला वाटत होतं, मी काही केलं नाही.

पंचफुला बाळाला पाहायला आली. हातानं शिवलेली कुंची आणली होती, लाल कापडाची. सुमननं तिला येताना पाहिलं अन् आतून कडी लावली. पंचफुला दारात बराच वेळ उभी राहिली. मग कुंची कडीत अडकवून गेली. सुमननं ती शेजारणीच्या पोराला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी पंचफुला प्रेसजवळ आली. म्हणाली, "देवरावभाऊ, तिनं दार लावलं. काहून लावलं ते मी विचारत नाई, ज्याले सांगाचं असते तो सांगते. त्या दारात मी आता जात नाई. पण रेचा तिचा हाय. भांडण भांडणाच्या जागी, रेचा रेच्याच्या जागी."

मुकादमाला तिनं सांगून ठेवलं, नाव बदलायचं नाही. अन् दरवर्षी काटापूजेला, नारळ फुटला की माझ्यापुढं यायची. "सुमन येते का यंदा?"

मी म्हणायचो, "यंदा नाई."

कधीच नाही, असं मी म्हणालो नाही. तसं म्हटलं तर माणूस 'का?' असं विचारतो. यंदा नाही म्हटलं की एक वर्ष निघून जातं. पोरगं लहान आहे. पोराला गालगुंड झाले. सुमनची कंबर दुखते. पोराला गालगुंड झाले. घराचं काम काढलंय. पुढं एकदा मी घाईत पुन्हा गालगुंडच सांगितले. पंचफुलेनं माझ्याकडं पाहिलं. "तिसऱ्यांदा? गाल हाय का गोदाम हाय?" विजय अमरावतीला कॉलेजात गेला त्या साली मी म्हटलं, पोराकडं पाहावं लागते. ती म्हणाली, "पोट्टं अमरावतीले, अन् हे इथून पाह्यते. नजर मस्त हाय सुमनची."

दोघी बोलत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाजारात एकीला पाहून दुसरी वळायची. कशावरून, हे कोणी विचारलं नाही. बायांचं भांडण आहे म्हणून सोडून दिलं. मीही तेच म्हणायचो.

पंचफुलेला स्वतःला तीन पोरी झाल्या. दोन बाळंतपणं पावसाळ्यात निभली, जिनिंग बंद होती. तिसरं नेमकं भर सीझनमध्ये आलं. आता बदलीची बदली आणायची होती अन् घरात दुसरी बाई नव्हती. सासू वारलेली, पोरी लहान. तर तिनं गुलाबला पाठवलं.

गुलाब लाकडाच्या डेपोवर चौकीदार होता, मिशावाला माणूस. सकाळी येऊन बायांच्या ओळीत उभा राहिला. मुकादमानं सवयीनं नाव घेतलं, "सुमन देवराव!" गुलाब आधी इकडं तिकडं पाहू लागला. मग खाली मान घालून म्हणाला, "बदलीची बदली हजर." त्या दिवशी प्रेसवर एकही गाठ वेळेवर निघाली नाही, आम्ही सगळे रेच्याकडं उभे होतो.

चौथ्या दिवशी रुई नाकात जाते म्हणून त्यानं दुपट्टा डोक्यावरून घेतला. मुकादम मागून आला अन् ओरडला, "ए बाई, हात चालव!" गुलाबनं हात चालवला.

आठवड्यानं हजेरी वाटली तर त्याच्या हातात बाईची हजेरी पडली. तो शेटकडं गेला. म्हणाला, "शेटजी, मी गडी हाव."

शेट म्हणाला, "ते दिसून राह्यलं. पण रेचा बाईचा हाय."

गुलाब घरी गेला अन् उद्यापासून जात नाही म्हणाला. पंचफुला दहा दिवसांची बाळंतीण. शेकोटीवरून ओरडली, ते चार घरांनी ऐकलं. "बाळंतीण मी हाव, सुट्टी तुले कायची पायजे? जागा पराई हाय. माह्या हातून गेली तं सुमनले काय सांगू?"

गुलाबनं सव्वा महिना पुरा केला. त्यानंतर ती दिवसभर काय करते, असं त्यानं तिला कधी विचारलं नाही. रात्री चौकीदारी, दिवसा पोरगी त्याच्याजवळ. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की तो पोरीला खांद्यावर घेऊन फाटकाशी यायचा. पंचफुला आधी तोंड धुवायची, पदर झटकायची, भुवयांतली रुई काढायची, मग गाठींच्या आडोशाला बसून पोरीला पाजायची. लोक गुलाबला नावं ठेवत. मीही ठेवली. गुलाब चांगला माणूस होता. कोरोनाच्या आधीच गेला.

बाकीच्या जिनिंगा केव्हाच बदलल्या होत्या. आमचा शेट चिंगूस, म्हणून आमचे रेचे टिकले. तो मेला अन् त्याच्या पोरानं एका उन्हाळ्यात सगळे रेचे भंगारात दिले. नव्या मशीनमध्ये कापूस पाइपातून आपोआप येतो. बायांना सांगितलं, या आता. आम्हा म्हाताऱ्या गड्यांनाही सांगितलं, पण आम्हाला शाल दिली.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आमच्या फाटकात उभी. सुमनला दम्यानं धरलं होतं. ती ओसरीत बाजेवर बसली होती.

पंचफुला तिथूनच ओरडली, "सुमे, मी आली. दार लावाचं असन तं लाव, मी इथूनच सांगतो."

सुमननं दार लावलं नाही. उठवत नव्हतं, हेही असेल. मला म्हणाली, "चहा ठेवा."

मी आत गेलो. चहा मी कधी ठेवला नव्हता, पण त्या दिवशी बाहेर थांबण्यापेक्षा ते बरं वाटलं. पंचफुलेचा आवाज चुलीपर्यंत येत होता.

"नऊ नंबर भंगारात गेला वं. काल ट्रक भरून नेला. तुही जागा तुले परत द्याची राहून गेली. तेवढं सांगाले आली."

"माही जागा?"

"मंग कोणाची? तीस सीझन मुकादम तुह्यं नाव घेऊन राह्यला, अन् मी बदली हजर म्हणून राह्यली. दरसाल विचारलं ह्याइले, सुमन येते का? दरसाल म्हणे, यंदा नाई."

सुमन म्हणाली, "मले वाटलं तू बळकावली."

"कोणं सांगतलं?"

पुढं काही ऐकू आलं नाही. पंचफुला जागी असताना गप्प, हे मी पहिल्यांदा ऐकलं. चहा उतू गेला. उरला तो दोन कपांत घेऊन मी बाहेर आलो. दोघीही माझ्याकडं पाहत होत्या. सुमननं कप घेतला, एक घोट प्यायली.

म्हणाली, "साखर टाकली नाई."

मी साखर आणायला आत गेलो. डबा डोळ्यांपुढं होता. मला तो बराच वेळ सापडला नाही.

पंचफुला गेल्यावर सुमननं एवढंच विचारलं, "दरसाल विचारत होती?"

"हो."

"एकही साल नाई सोडलं?"

"नाई."

ती बाजेच्या दोरीशी खेळत राहिली. म्हणाली, "मंग एखांद्या साली तरी सांगाचं ना, अजी." अन् भाकरी टाकायला उठली. मी म्हटलं, मी टाकतो. ती म्हणाली, "तुमाले कुठं येते?" ते खरं होतं.

पंचफुला घरी बसणारी नव्हती. बाजारात रहीमभाईचं गादीचं दुकान आहे. जुन्या गाद्यांचा कापूस निवडायचा, त्यातली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला खराब कापूस, अन् सरकीचे तुकडे काढायचे, असं काम तिनं तिथून आणलं. अन् आणलं ते आमच्या ओसरीत. मी म्हटलं, डॉक्टरनं रुईपासून लांब राहायला सांगितलं आहे.

सुमन म्हणाली, "यंदा करतो मी."

ओला दुपट्टा तोंडाला बांधून ती बसू लागली. विजय तीस वर्षांचा झाल्यावर त्याची आई बाळंतपणावरून कामाला गेली. तिचा हात चाललेला मी प्रेसवरून लांबून पाहिला होता, जवळून त्या वर्षी पाहिला. पंचफुलेचं एक गाठोडं होईपर्यंत तिचं दीड व्हायचं. पंचफुला म्हणायची, "तूच नऊ नंबरवर राहिली असती तं शेट दोन सालात आणखी मोठा झाला असता. बरं झालं नाई गेली."

दोघी दिवसभर बोलायच्या. मोहफुलं, गावची विहीर, कोणाची पोरगी कुठं दिली. मी आत बसून कान देऊन ऐकायचो. माझं नाव एकदाही निघालं नाही.

पाच महिने असं चाललं, अन् मग पौष आला. रुईनं झालं का, असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, नाही, व्हायचंच होतं. मी दोनदा विचारलं. आंघोळ पंचफुलेनं घातली. त्या दिवशी तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला नाही.

शेवटची ती मला बसस्टँडवर दिसली, याच उन्हाळ्यात. हातात पिशवी, पायात त्याच गड्याच्या चपला. धाकटी पोरगी, गुलाबच्या खांद्यावरची, फुलसावंगीकडं नर्स आहे. तिला पोरगा झाला. सोमवारी रजा संपत होती.

"जावई म्हणे, सालभर घरीच राह्य," पंचफुला म्हणाली. "मी म्हटलं, मंग तू राह्य. त्याले खोकला आला. म्हणून मी चालली."

"किती दिवस?"

"पोट्टं शाळेत जाईपर्यंत. पोरीची जागा जाऊ देत नाई मी."

पुसदची गाडी लागायची होती. मी म्हटलं, "पंचफुलाबाई, मले माफ कर."

तिनं पिशवी खाली ठेवली. "मले कायची माफी मांगता, देवरावभाऊ? माह्यं काय गेलं? मले तं तीस साल काम भेटलं. त्याच्यावर तीन पोरी वाढल्या." मग तिनं आवाज लहान करायचा प्रयत्न केला. जमला नाही. "खरं सांगू का? तिसऱ्या गालगुंडालेच मले शंका आलती. तरी मी गेली नाई विचाराले. गेली असती तं रेच्यावरून उठा लागलं असतं." स्टँडवरची चार माणसं आमच्याकडं पाहू लागली. "मी सुमेले हे सांगतलं, तुमच्याच ओसरीत, तुमी घरी नव्हते तवा. ती म्हणे, मीही तेच केलं असतं. तुमी सांगतलं का तिले काही?"

"नाई."

"हूं," ती म्हणाली.

गाडी आली. गर्दी उठली. एका जवान माणसानं खालूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकला, जागा धरायला, अन् आरामात दाराकडं निघाला. पंचफुला त्याच्या आधी कोपरानं वाट काढत चढली. खिडकीशी पोचली, रुमाल दोन बोटांनी उचलला, बाहेर टाकला अन् बसली. पिशवी मांडीवर घेतली. माझ्याकडं पाहिलं नाही. शेजारच्या बाईला मोठ्यानं विचारत होती, फुलसावंगीची गाडी पुसदहून किती वाजता सुटते.

रुमालवाला खाली उभा राहून वर पाहत होता. मग मला म्हणाला, "बाबा, तुमची बाई हाय का हे?"

मी म्हटलं, "नाई. माह्या बाईची मैत्रीण हाय."